आधी ऐकायची, मग बघायची

धाकट्याचं वय बावन्न. डोक्यावरचे केस गेलेले, दाढी पांढरी झालेली, गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागलेले, तरी गल्लीत त्याला धाकटाच म्हणत, कारण वरच्या मजल्यावर थोरला होता. थोरला म्हणजे दादा. आणि दादाला अख्खा भाग कानदादा म्हणायचा. नाव ऐकून नवख्याला हसू यायचं, येऊ दे बापडं. त्याचं काम एकदा बघितलेला माणूस पुन्हा हसायचा नाही.

गाडी गॅरेजसमोर येऊन उभी राहिली की दादा तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. डोळे मिटायचा. "मार रेस," म्हणायचा. "सोड. आता हळूहळू वाढव." आणि बॉनेटला बोटसुद्धा न लावता सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे, किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग चाललंय, आठवडाभर काढेल फार तर. "हॅ, काहीतरीच," म्हणून मालक निघून जायचा आणि आठव्या दिवशी गाडी दोरानं ओढत परत आणायचा. आधी ऐकायची, मग बघायची, हा दादाचा नियम होता. गाडी कितीही भारी असो, मालक कितीही घाईत असो, ऐकून झाल्याशिवाय तो मान वळवायचा नाही.

चार वर्षांपूर्वी स्टँडवरून गिअरबॉक्स घसरला आणि दादाच्या पाठीवर आला. कंबरेखालचं सगळं गेलं. दुसरा कुणी असता तर गॅरेजला कुलूप लागलं असतं, पण या बहाद्दरानं काय करावं? वरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली कॉट टाकून घेतली आणि तिथून धंदा सुरू ठेवला. गिऱ्हाईक खिडकीखाली गाडी उभी करणार, रेस मारणार, आणि वरून आवाज येणार, "सायलेन्सरचं काही नाही रे, इंजिनचं माउंटिंग तुटलंय!" कॉटवरून त्याला रस्ता दिसायचा नाही. दिसायचं ते एवढंच, थोडं आभाळ, खिडकीची चौकट आणि त्यात ठेवलेल्या औषधांच्या बाटल्या. पण त्याला बघायचं होतंच कुठे. दादानं सांगायचं आणि धाकट्यानं खोलायचं, असं ते चाललं होतं आणि उत्तम चाललं होतं.

मग गेल्या वर्षी निजून निजून पाठीला पडलेल्या जखमेतले जंतू रक्तात गेले आणि ताप चढला. दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बाहेर बाकावर बसवलं आणि स्वच्छ सांगितलं, "साध्या औषधांना दाद देत नाहीये. आता एकच इंजेक्शन उरलंय. जीव वाचेल बहुतेक. पण कानांवर परिणाम होऊ शकतो. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटी. सगळे जातील का, थोडे राहतील का, आत्ता नाही सांगता येणार. घरच्या कुणाची तरी सही लागेल." वहिनी कपडे आणायला घरी गेली होती. दादा तापात बरळत होता. धाकट्यानं कागद हातात घेतला, ज्याचे पाय गेलेत त्या माणसाचे कान आपण कसे देऊन टाकायचे असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं सही केली. न करून सांगतो कुणाला? भाऊ मरू द्यायचा?

पण ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. वहिनीला नाही आणि दादाला तर नाहीच. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

दादा घरी आला, महिना दोन महिने बरे गेले. मग हळूहळू घड्याळाची टिकटिक गेली, चमचा पडल्याचा आवाज गेला. दादानं तोंडानं कबूल केलं नाही. त्यानं भलताच मार्ग काढला, स्वतःच बोलत सुटला. समोरच्याला तोंड उघडायला फटच ठेवायचा नाही म्हणजे ऐकायचा प्रश्नच नको. कुणी मध्ये बोललंच तर त्याच्या ओठांकडे रोखून बघायचा आणि वर डाफरायचा, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता रे सगळे हल्ली!"

"भाऊजी," वहिनी एकदा खाली गॅरेजात येऊन हळूच म्हणाली, "परवा माझ्या हातून ताटांचा ढीगच्या ढीग पडला. ह्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही."

"लक्ष नसेल, वहिनी."

"ह्यांचं लक्ष नसेल? मी भाजीत मीठ टाकलं नाही तर ह्यांना शेजारच्या खोलीतून कळायचं, मिठाच्या डब्याचं झाकण वाजलं नाही म्हणून!"

धाकटा हसला आणि स्पॅनर शोधायला लागला. स्पॅनर त्याच्या हातातच होता.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र कहर झाला. एक टॅक्सीवाला, जुनं गिऱ्हाईक, खिडकीखाली येऊन रेस मारत होता. तेवढ्यात त्याला फोन आला म्हणून त्यानं इंजिन बंद केलं आणि बोलायला लागला. रस्ता अगदी शांत. आणि वरून दादाचा खणखणीत आवाज आला, "बास! कळलं! टायमिंग चेन सैल झालीये, बंद कर आता!" टॅक्सीवाल्यानं फोन कानापासून बाजूला केला, एकदा वर बघितलं, एकदा धाकट्याकडे बघितलं. "आयला, बंद गाडीचं पण कळायला लागलं कानदादांना," म्हणाला आणि खो खो हसला. धाकटाही हसला, त्याच्याहून मोठ्यानं हसला. मग आत जाऊन पिंपाच्या मागे उभा राहून रडला. टॅक्सीचं नोझल खराब होतं. ते त्यानं बदललं आणि वर जाऊन सांगितलं, "दादा, तू म्हणालास तेच. चेन." दादाचा चेहरा एकदम खुलला. त्या चेहऱ्यासाठी धाकटा त्या वर्षात किती वेळा खोटं बोलला, देवच जाणे.

अशात ती बातमी आली.

गॅरेजच्या पुढे दोन वळणांवर भारी गाड्यांचं एक शोरूम होतं. त्याची गल्ली एवढी अरुंद की लांब ट्रेलर आत वळायचाच नाही, म्हणून ट्रेलरवाला गाड्या धाकट्याच्या दारात उतरवायचा आणि पुढे त्या चालवत न्यायच्या. ट्रेलरवाला गप्पिष्ट माणूस. चहा पिता पिता म्हणाला, "गुरुवारी अकराला येतोय. लाकडी फळ्या काढून ठेव. इटलीची नवी गाडी आहे, नाक एवढं खाली की माझ्या उतारावर घासेल. या शहरात अजून कुणी डोळ्यांनी बघितली नाही. इंजिन मध्ये आहे, ड्रायव्हरच्या पाठीमागे."

धाकट्यानं हे वर जाऊन दादासमोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. दादा पोरासारखा हरखला. त्याचं कारण जुनं होतं. तो अठरा वर्षांचा असताना, जिथे काम शिकला त्या वर्कशॉपमध्ये अशीच एक इटलीची गाडी पाण्याचा पाइप फुटला म्हणून दहा मिनिटं थांबली होती. दहाच मिनिटं. पण त्या दहा मिनिटांवर दादानं चाळीस वर्षं गप्पा मारल्या. "बाकीच्या गाड्यांत इंजिन समोर असतं रे, तोंडावर ओरडतं," तो म्हणायचा. "हिच्यात ते मागून येऊन कानाशी बोलतं. त्या ड्रायव्हरला मी जागा मागितली होती बाजूला. नाही म्हणाला, गाढव."

धाकट्यानं फोनवर नव्या गाडीचे फोटो शोधून पुढे धरले तर दादानं हात झिडकारला. "आधी ऐकतो. मग दाखव." मग म्हणाला, "ही ऐकली की मला कळेल."

"काय कळेल?"

"कळेल काय ते," म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

म्हणजे दादालाही शंका होती. धाकटा जिन्यात बसला. त्याच्या डोक्यात आता एकच गोष्ट फिरायला लागली, जाड आवाज शेवटी जातात. टॅक्सीचं काय घेऊन बसलात, ती काय इंजिनं आहेत? पण ही! हिचा आवाज भिंतीतून जाईल, कॉटमधून जाईल. ही जर दादाला ऐकू आली तर काहीतरी उरलं म्हणता येईल. बारीक गाड्या धाकटा सांभाळेल, मोठ्या ट्रकांची, जनरेटरची कामं दादा ऐकेल. आपण सही केली पण सगळंच नाही गेलं, असं निदान स्वतःशी तरी म्हणता येईल. गुरुवारपर्यंत त्याला धड जेवण गेलं नाही.

गुरुवारी साडेदहापासूनच गल्ली गोळा झाली. न्हावी हातात कैची तशीच घेऊन आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं. औषधांच्या दुकानातली बाई शटर अर्धं ओढून आली. ट्रेलर आला, मागचं दार उघडलं, धाकट्यानं उतारापुढे फळ्या मांडल्या. शोरूमची इंजिनिअरबाई, तिशीची, केस घट्ट बांधलेली, पांढरे हातमोजे घातलेली, चावी घेऊन आत चढली.

आणि गाडी बाहेर आली.

रंग करडा, ओल्या पाटीचा असतो तसा. उंची एवढी कमी की न्हावी वाकूनच बघायला लागला. दारांच्या मागे दोन्ही अंगांना हवेसाठी मोठी कोरलेली भोकं होती, त्यात माणसाचा हात खांद्यापर्यंत जाईल. मागचा भाग पुढच्याहून रुंद, आणि पाठीवर काच, काचेखाली इंजिन मांडून ठेवलेलं. बत्तीस वर्षं इंजिनं उघडलेला धाकटा त्या काचेवर ओणवाच झाला. आठ सिलिंडर, एक वायर कुठे लोंबत नाही, एक बोल्ट असा नाही की जो बघायला ठेवला नाही.

"अहो, ह्यांनी फसवलं!" ट्रेलरवाल्यानं पुढचं झाकण उघडून दाखवलं होतं तिथून न्हावी ओरडला. "इंजिनच नाही! नुसती पेटी आहे!"

"मागे आहे हो, मागे," औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली. "दाढ्या करा तुम्ही." सगळे हसले, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त हसलं.

धाकटा हसला नाही, कारण एक गोष्ट आत्ता कुठे त्याच्या ध्यानात येत होती. गाडी ट्रेलरमधून फळ्यांवर आली होती, फळ्यांवरून रस्त्यावर आली होती, आणि आवाज आला तो फक्त फळ्या करकरल्याचा. तो वाकून इंजिनिअरबाईच्या खिडकीशी गेला.

"मॅडम, इंजिन?"

"विजेवर आहे, काका. मोटरी पण आहेत हिला. वस्तीतून विजेवरच न्यायची, तसा हुकूम आहे. इंजिनचा आवाज संध्याकाळी पाहुण्यांसमोर पहिल्यांदा काढायचाय साहेबांना."

"एकदाच काढा. इथे. अर्धा मिनिट."

"नोकरी जाईल माझी."

"मॅडम, वर माझा भाऊ आहे."

"कानदादा ना? ऐकलंय मी त्यांच्याबद्दल. पण खरंच नाही जमणार हो."

आणि मग धाकट्याच्या तोंडून ते निघून गेलं, जे वर्षभर सख्ख्या माणसांसमोर निघालं नव्हतं. "त्याला ऐकू येत नाही असं वाटतंय मला. नक्की माहीत नाही. त्याला पण नाही माहीत. ही गाडी ऐकू आली तर... तो सकाळपासून वाट बघतोय. नवा शर्ट घालून बसलाय म्हणजे निजलाय तो, मॅडम. तो बसू शकत नाही."

बाईनं स्टिअरिंगवरचे हात काढले. वर खिडकीकडे बघितलं, रस्त्याच्या टोकाला शोरूमकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही वर जा. खिडकीतून हात करा. थंड इंजिनला मी फार ताणणार नाही, पण दोनदा रेस देईन. साहेबांनी विचारलं तर चुकून बटण दाबलं गेलं म्हणेन."

धाकटा धावला. गुडघ्यांची पर्वा न करता दोन दोन पायऱ्या चढला. वर वहिनीनं सगळी तयारी केली होती. दादाचे केस विंचरलेले, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. डोळे मिटून, हात चादरीवर सरळ ठेवून तो पडला होता. गाडीकडे पाठ करून उभा राहायचा तेव्हाचाच चेहरा. धाकट्यानं त्याच्या हाताला हात लावला तसे डोळे उघडले.

"आता सुरू होतेय," धाकटा ओठ सावकाश हलवत म्हणाला.

"मग तू गप बस की," दादा म्हणाला. "ऐकू दे." आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले.

धाकट्यानं खिडकीतून हात केला.

आता तो आवाज कसा सांगावा? आधी एक खाकरल्यासारखं झालं आणि लगेच सगळं एकदम आलं. तावदानं थडथडली. वहिनीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. खाली कुठलंसं तान्हं मूल घाबरून रडायला लागलं आणि कुत्रं भुंकत पळालं. मग इंजिन जरा स्थिरावलं आणि त्याचा सूर खाली येत येत घोगरा झाला, एकसारखा, भरलेला, कुठे तुटत नव्हता, कुठे अडखळत नव्हता. धाकट्यानं असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. दादा चाळीस वर्षं थापा मारत नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं. बाईनं पहिली रेस दिली तेव्हा त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पुन्हा दिली तेव्हा तो दादाकडे बघायला वळला.

दादा वाट बघत होता.

कपाळावर एक बारीक आठी होती, आणि बाकी चेहरा शांत, चांगल्या गोष्टीसाठी थांबलेल्या माणसाचा. एरवी इंजिन ऐकताना त्याचं उजव्या हाताचं बोट सिलिंडरांबरोबर हलायचं. ते बोट चादरीवर पडून होतं. अख्खी गल्ली त्या आवाजानं भरली होती आणि तो माणूस ती भरण्याची वाट बघत होता. "हलवा की ह्यांना, भाऊजी," वहिनी ओरडली, पण धाकट्याला हलवेना. काय म्हणून हलवायचं?

अर्ध्या मिनिटानं दादानं डोळे उघडले. खिडकीकडे बघितलं. बघत राहिला. मग खाली इंजिन बंद झालं, लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या, आणि फळ्यांवर पाय वाजवत माणसं गाडीमागे निघाली.

"गेली का?" दादानं विचारलं.

धाकट्याला आयतीच वाट सापडली. कधी नव्हे ती देवानं हातात आणून दिली असं त्याला वाटलं. तो दादाच्या समोर बसला आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाला, "गेली. पण आवाजच नाही रे तिला. विजेवर चालवतात आता गावातून. इंजिन लावूच नाही दिलं त्यांनी. आम्हाला पण नाही ऐकू आलं काही."

"विजेवर?"

"विजेवर. मोटरी आहेत. मी भांडलो खाली. नाही म्हणाली ती बाई."

"असं होय," दादा म्हणाला. "मग चांगलंय." त्यानं हात उचलून खिडकीच्या चौकटीकडे बोट केलं. "मग ह्या बाटलीतलं औषध का थरथरत होतं?"

धाकट्यानं बाटलीकडे बघितलं. आता ते स्थिर होतं.

"आणि माझ्या छातीत धडधडत होतं ते? आणि ही कान झाकून का उभी होती?"

वहिनीचे हात अजून अर्धवट वर होते. ते तिनं खाली घेतले.

"लोकांनी मला पायांचं खोटं सांगितलं," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, त्याला तो स्वतः ऐकू येत नव्हता म्हणून कमी करता येत नव्हता. "सहा महिन्यांत उभा राहशील म्हणाले. सगळे म्हणाले. तू नाही म्हणालास. तू म्हणालास, दादा, पाय गेले. म्हणून मी जगलो. आणि आता तू पण? ती टॅक्सीची चेन, तो ट्रक, सगळं तसलंच ना? तूच खोलून बघत होतास ना?"

धाकट्यानं मान खाली घातली.

"वर बघ. तोंड वर कर म्हणजे मला कळेल. कान कशानं गेले तेवढं सांग. म्हातारपण नाही हे. एवढं भराभर जात नाही."

"इंजेक्शनांनी," धाकटा म्हणाला.

"काय?"

"तापात दिली ती. इंजेक्शनं."

"नीट बोल रे! काय?"

जी गोष्ट धाकट्यानं वर्षभर जिभेखाली दाबून ठेवली होती ती त्याला आता ओरडून सांगावी लागली. ओरडून उपयोग नव्हता हे त्याला माहीत होतं, पण माणसाला दुसरं सुचत नाही. "इंजेक्शनांनी गेले! डॉक्टरनी आधी सांगितलं होतं! मला विचारलं होतं! मी सही केली!" खिडकीखाली दोनचार माणसं अजून रेंगाळत होती, त्यांनीही ते ऐकलं. न्हाव्यानं वर बघितलं. वहिनी कॉटच्या कडेला टेकून खाली जमिनीवरच बसली.

दादाला एवढं सगळं कळलं नाही. त्याला शेवटचे दोनच शब्द ओठांवरून वाचता आले. "सही," तो म्हणाला. "तू."

धाकट्यानं मान हलवली.

"मला विचारायचं होतंस."

"तू तापात होतास, दादा. तुला शुद्ध नव्हती. मरत होतास तू."

"मला विचारायचं होतंस," दादा पुन्हा म्हणाला. धाकट्याचं त्याला कळलं नव्हतं, की कळूनही तो तेच म्हणत होता, ते धाकट्याला पुढे कधीच समजलं नाही. तो कॉटजवळ गुडघे टेकून बसला, दादाचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि लहान मूल रडतं तसा रडला. माफ कर म्हणाला. कितीदा म्हणाला. दादानं हात काढून घेतला नाही, दाबलाही नाही. तो औषधाच्या बाटलीकडे बघत होता. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तसदी तो घेत नव्हता.

खाली कुणीतरी गाडी लावली. रोजच्यातलाच एक टॅक्सीवाला, त्याला आधीचं काही माहीत नव्हतं. त्यानं रेस मारली आणि हाक दिली, "कानदादा! बघा हो जरा, खडखड कशाची येतेय?"

धाकट्यानं आणि वहिनीनं एकदमच खिडकीकडे बघितलं. त्यांच्या बघण्यावरून दादाला कळलं. "कोण आलंय?"

"टॅक्सी," वहिनी म्हणाली आणि हातानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं.

टॅक्सीवाला पुन्हा ओरडला. रेस मारतच राहिला.

"खिडकी लाव," दादा म्हणाला.

धाकटा उठला. ही खिडकी चार वर्षांत एकदाही लागलेली नव्हती. कडाक्याच्या थंडीत दादा दोन गोधड्या घेऊन निजायचा, पण खिडकी लावू द्यायचा नाही, न जाणो कोण गाडी घेऊन यायचा. बिजागऱ्या गंजल्या होत्या, लाकूड फुगलं होतं. एक झडप अर्ध्यात अडकली. वहिनी उठून आली, दोघांनी मिळून खांद्यानं रेटली, औषधाच्या बाटल्या खाली घेतल्या, पुन्हा रेटली. शेवटी ती कर्र करून चौकटीत बसली. खालचा टॅक्सीचा आवाज अगदी लांब गेला. धाकट्यानं खिटी सरकवली.

"लागली का?" मागून दादानं विचारलं.

"लागली," धाकटा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. तो वळला, दादाच्या समोर येऊन उभा राहिला, आणि त्याला दिसेल अशी त्यानं मान हलवली.